दुपारची म्हातारी

१

हेरिंग टिकल या बेटावरच्या कोळ्यांच्या गावात दुपारचं जेवण झालं की माणसं स्वयंपाकघरातल्या दिवाणावर आडवी व्हायची. हा रिवाज बोटींच्या जमान्यापासूनचा. पुढे मासे संपले, बोटी किनाऱ्यावर उलट्या पडल्या, पोरं कामाला मुख्य भूमीवर निघून गेली, पण दिवाण राहिले. चुलीची ऊब, मोरीतल्या भांड्यांचा आवाज आणि खिडकीला टेकलेलं धुकं, यांच्यामध्ये जी झोप लागते तिची सर रात्रीच्या झोपेला नाही, असं गावातले म्हातारे शपथेवर सांगत.

गावात मोटार नव्हती, कारण रस्ताच नव्हता. खडकांवर घरं आणि घराघराला जोडणारी लाकडी फळ्यांची वाट. कोणी चाललं की फळ्या वाजत, आणि दिवाणावर पडल्या पडल्या माणसं ओळखत, ही एफीमावशी काठी टेकत चालली, हा टपालवाला, ही शाळा सुटली. अनोळखी पावलं उन्हाळ्यात ऐकू येत, फेरीबोटीने पाहुणे आले की. हिवाळ्यात नाही.

व्हर्ना पार्डी या गावची नर्स. पन्नाशीची, खणखणीत आवाजाची, बिनलग्नाची. डॉक्टर फोनच्या पलीकडे आणि फोन वाऱ्याच्या मर्जीवर, त्यामुळे दात दुखण्यापासून बाळंतपणापर्यंत गाव तिच्याच दारात. तिला कशाचं भय वाटताना कोणी पाहिलं नव्हतं. एकदा वादळात दवाखान्याचं छप्पर उडालं तेव्हा ती पलंगाखाली गेली नाही, छप्पर कुठे पडलं ते बघायला बाहेर गेली.

शरद ऋतूत ती राजधानीला जाऊन एक शिक्षण घेऊन आली होती. वाईट स्वप्नांवरचं. गावात तिची चेष्टा झाली.

"स्वप्नांना इंजेक्शन कुठे देतात गं?" पोस्टात कोणीतरी विचारलं होतं.

"झोपेत बडबड करणाऱ्याच्या ढुंगणावर," व्हर्ना म्हणाली होती, आणि विषय तिथेच मिटला होता.

२

पहिले आले लिअँडरकाका स्किनर. म्हणजे आले नाहीत. गर्टकाकूंनी कोटाच्या बाहीला धरून आणले. सत्तरी ओलांडलेला, ओंडक्यासारखा माणूस, पण डोळ्यांखाली काळी वर्तुळं आणि हातात टोपी चुरगळत बसलेला.

"सांग आता तिला," गर्टकाकू म्हणाल्या. "घरात भिंतीला सांगत असतोस."

"म्हातारी बसते," लिअँडरकाका जमिनीकडे बघत म्हणाले.

गावात एवढं सांगितलं की पुरे होतं. प्रत्येकाच्या छातीवर आयुष्यात एकदा तरी म्हातारी बसलेली असते. व्हर्नाने खुर्ची जवळ ओढली.

"दुपारी?"

"दुपारीच. जाग असते गं मला. चुलीवरची किटली दिसते. ही मोरीपाशी पाठमोरी दिसते. हाक मारायची असते, जीभ हलत नाही. मग मागचं दार उघडतं. ती आत येते आणि आधी बूट काढते."

"बूट काढते?"

"एक, मग दुसरा. भिंतीशी नीट लावून ठेवते. ऐकू येतं ना सगळं. मग नुसत्या मोज्यांवर येते. मोजे ओले असतात. जमिनीवरच्या मेणकापडावर चपक, चपक. आणि मग..." त्यांनी छातीवर तळहात ठेवला.

व्हर्नाने म्हातारीच्या गोष्टी लहानपणापासून ऐकल्या होत्या. त्यांत ती कधी धुरांड्यातून यायची, कधी भिंतीतून. बूट काढून आलेली तिने ऐकली नव्हती. क्षणभर तिला ते खटकलं. मग तिचं लक्ष गर्टकाकूंच्या चेहऱ्याकडे गेलं आणि तिला हसू आलं. या बाईच्या स्वच्छ जमिनीवर बूट घालून पाय टाकायची छाती अख्ख्या गावात कोणाची नव्हती. मग लिअँडरकाकांच्या स्वप्नातली भुतं तरी ती छाती कुठून आणणार?

"हे बघा काका," ती म्हणाली, "झोपेत अंग बांधलेलं असतं. नाहीतर स्वप्नात पळणारा माणूस खरोखरच पळत सुटून समुद्रात जाईल. कधी कधी डोळे आधी जागे होतात आणि अंग मागे राहतं. त्या फटीत भीती शिरते. एवढंच आहे ते. पाठीवर झोपू नका. आणि तसं झालंच तर छातीशी झुंजायचं नाही, पायाचा अंगठा हलवायचा. अंगठा हलला की बोटं, बोटं हलली की जीभ."

"म्हातारी उठावी म्हणून आमची आजी माणसाचं नाव उलटं घ्यायची," गर्टकाकू म्हणाल्या. "पण याचं नाव उलटं म्हणेपर्यंत हा मरायचा."

"दुसरं," व्हर्ना म्हणाली, "आत्ता, लख्ख उजेडात, ते स्वप्न मला पुन्हा सांगायचं. पण शेवट तुमच्या मनासारखा. आणि तोच शेवट रोज जागेपणी घोकायचा. मनाला पायाखालची वाट आवडते काका. नवी पाडून दिली की ते तिकडून जातं."

लिअँडरकाकांनी डोळे मिटले. "ती बसलेली असते. मग उठते."

"छान. मग?"

"मोज्यांवर परत जाते. बूट घालते. बाहेर पडते."

"मग? मग कुठे जाते?" व्हर्नाने विचारलं. शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की शेवट जितका तपशिलात, तितका पक्का.

लिअँडरकाकांचा चेहरा पहिल्यांदाच सैल झाला. "फळ्यांवरून खाली जाते. एफीच्या फाटकातून आत."

गर्टकाकू खदखदून हसल्या. "जाऊ दे! एफी पुरून उरेल तिला!"

व्हर्नाही हसली.

३

उतारा लागू पडला. आठवडा-दीड आठवड्यात लिअँडरकाकांच्या डोळ्यांखालचा काळेपणा गेला. दुपारी असे घोरतात की किटलीचं झाकण वाजतं, असं गर्टकाकूंनी येऊन सांगितलं आणि मीठ लावलेला कॉड मासा टेबलावर ठेवला. व्हर्नाने तो रात्री बटाट्यांबरोबर उकडून खाल्ला. आपण एक नवी गोष्ट शिकलो आणि ती खरोखर चालते, याचं समाधान त्या माशाहून चविष्ट होतं.

एफीमावशी हाइन्सच्या पायाला जखम होती. तिची पट्टी बदलायला व्हर्ना त्यांच्या घरी जात असे. त्या दिवशी स्वयंपाकघरात शिरताना ती नेहमीसारखी बुटांसकट शिरली. एफीमावशींची जमीन बर्फासारखी गार असे आणि तिथे बूट काढायला कोणी सांगत नसे. उलट कोणी काढले तर मावशी म्हणत, "कोणावर छाप पाडायचीय?"

पट्टी सोडताना व्हर्नाला दिसलं की मावशी आज टोमणे मारत नाहीत.

"झोप नाही का?"

"तुझ्या त्या राजधानीच्या विद्येची जाहिरात करू नकोस."

"म्हणजे नाही."

एफीमावशींनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "म्हातारी येते. दुपारी, मी दिवाणावर पडले की. नवऱ्याच्या मरणानंतर आली नव्हती, ती आता येतेय. आणि शिष्टासारखी बूट काढून येते, मेली. माझ्या घरात!"

व्हर्नाचे हात थांबले.

"लिअँडरकाकांनी सांगितलं का तुम्हाला त्यांचं?"

"कोण लिअँडर? कुंपण माझ्या हद्दीत घातलं तेव्हापासून मी त्या माणसाशी बोललेली नाही. त्याच्या बायकोशीही नाही."

गाव एवढंसं. गोष्टी पोस्टात सांडतात, दुकानात उचलल्या जातात. कोणीतरी बोललं असणार, व्हर्नाने स्वतःला सांगितलं, आणि ऐकलेली गोष्ट स्वप्नात उतरायला वेळ लागत नाही. तिने नवी पट्टी गुंडाळायला घेतली.

"बसते नुसती?"

"बसते आणि विचारते."

"काय विचारते?"

"'मग? मग कुठे?' असं." एफीमावशींनी मान वळवून तिच्याकडे रोखून पाहिलं. "तोंड दिसत नाही तिचं. पण आवाज तुझा असतो, व्हर्ना. अगदी असाच. लहान पोराला विचारावं तसा गोड."

चुलीत लाकूड फुटलं. व्हर्नाने पट्टीची गाठ मारली, आणि ती जरा जास्तच घट्ट बसली म्हणून पुन्हा सोडली.

४

वाटेत ती गर्टकाकूंकडे डोकावली. "तुम्ही किंवा काका एफीमावशींशी काही बोललात?"

"त्या भवानीशी? त्यापेक्षा मी सीलमाशाशी बोलेन."

व्हर्ना घरी आली, चहा केला आणि टेबलाशी बसून शांतपणे विचार केला. घाबरण्यापेक्षा विचार करणं तिला सोपं जाई. मावशींच्या घरी दुसरं कोण जातं? तीच. मावशी दिवसभरात कोणाचा आवाज ऐकतात? तिचाच. एकटी बाई, दुखरा पाय, हिवाळा. स्वप्नात नर्सचा आवाज येणार नाही तर कोणाचा? बुटांचं कोडं तेवढं सुटत नव्हतं. ते तिने बाजूला ठेवलं. सगळीच कोडी सोडवत बसलं तर जखमा कोण धुणार?

दुसऱ्या दिवशी तिने मावशींना शेवट बदलायला बसवलं. या वेळी ती सावध होती.

"कोणाच्या घरी पाठवायची नाही."

"का गं? तुला तर हे सगळं खोटं वाटतं."

"वाटतं. तरी नाही. समुद्रात पाठवा."

"एवढ्या म्हाताऱ्या बाईला या हवेत समुद्रात ढकलू? मी ख्रिस्ती बाई आहे."

"छातीवर बसते ना ती तुमच्या!"

"बसते, पण बूट काढून बसते. रीत आहे तिला." मावशी जरा हसल्या, मग थांबल्या. "आमच्या लहानपणी म्हणायचे, म्हातारी आपली आपण येत नाही. तिला कोणीतरी धाडतं. ज्याचं तुमच्याशी वाकडं असतं, तो धाडतो."

"मावशी, शेवट."

बऱ्याच घासाघिशीनंतर ठरलं: म्हातारी गावामागच्या टेकडीवर जाते, जिथे उन्हाळ्यात बायका बोरं वेचतात आणि हिवाळ्यात वाऱ्याशिवाय कोणी जात नाही. तिथे चालत राहते, दिसेनाशी होते. मावशींनी तो शेवट दोनदा म्हणून दाखवला.

पुढच्या पट्टीच्या वेळी एफीमावशी गाढ झोपून उठल्यासारख्या टवटवीत होत्या. "गेली," एवढंच म्हणाल्या. व्हर्नाने विचारलं, "टेकडीवर?" तर त्यांनी किटली उचलली आणि तिच्याकडे पाठ करून पाणी भरू लागल्या. किटली आधीच भरलेली होती.

५

कोरली फज दवाखान्यात आली तेव्हा तिने कोटाची बटणंही लावलेली नव्हती. कडेवर ओपल. पोर दीड वर्षांची. 'बोट' आणि 'नाही' हे दोनच शब्द येत होते आणि ती दिवसभर तेच वापरायची. आज ती एकही वापरत नव्हती.

"दुपारी झोपवली की ताठ होते," कोरली म्हणाली. "डोळे सताड उघडे. रडत नाही, हलत नाही. मी उचलायला जाते तर... व्हर्ना, हसू नकोस."

"नाही हसत."

"जड लागते. पाळण्यातून उचलताना. बाहेर आली की पुन्हा हलकी."

व्हर्नाने पोरीला तपासलं. कान, घसा, छाती, ताप. नेमकं बोट ठेवता येईल असं काही नव्हतं. फक्त ओठांच्या कडेला किंचित निळसर छटा, आणि तीही बघता बघता विरली. डॉक्टरांना फोन लागला. बोट सुटली की घेऊन या, ते म्हणाले. पण वारा दोन दिवस तसाच राहणार होता आणि बोट धक्क्याला बांधलेली होती.

"आज तिला झोपवू नकोस मी येईपर्यंत," व्हर्नाने सांगितलं. "खेळव, गाणी म्हण, गार पाण्याने तोंड धू. मी येते."

कोरलीचं घर टेकडीच्या वाटेवर शेवटचं होतं. हे व्हर्नाला ठाऊक होतंच, पण एफीमावशींचं फाटक उघडताना ते तिला नव्याने ठाऊक झालं.

"कुठे पाठवलीत?" तिने दारातूनच विचारलं.

मावशींनी विणकाम मांडीवर ठेवलं. कोणाला, ते त्यांना विचारावं लागलं नाही.

"टेकडीवरच पाठवत होते गं. देवाशप्पथ. वर जाता जाता वाटेत ती थांबली आणि वळली. 'मग कुठे?' म्हणाली. वारा होता. बिचारीचे मोजे ओले. आणि कोरलीच्या धुरांड्यातून धूर निघत होता..." त्यांचा आवाज बारीक झाला. "मी बोलले नाही काही. नुसतं तिकडे पाहिलं."

"तिथे लहान मूल आहे, मावशी."

"मूल आहे हे मला त्या वेळी सुचलं नाही. मला फक्त ऊब दिसली."

व्हर्ना रागावली नाही. ज्याने पहिल्यांदा पाठवली त्याला 'मग कुठे?' असं विचारणारी ती स्वतःच होती. पण तेवढ्यावर रेंगाळायला वेळ नव्हता. लिअँडरकाकांनी सांगितलं, शेवट बदलला. मावशींनी सांगितलं, बदलला. दीड वर्षांच्या पोरीला 'बोट' आणि 'नाही' येतं. ती काय सांगणार आणि कोणाला?

६

ओपलची खोली स्वयंपाकघराला लागून होती. निळी भिंत, छोटी खिडकी, पाळणा, आणि पाळण्यावर कोरलीच्या आजीने ठिगळं जोडून शिवलेली गोधडी. व्हर्नाने खुर्ची पाळण्याशी घेतली. पोर दमली होती; डोळे चोळत, हुंदके देत अखेर झोपली. कोरली स्वयंपाकघरात टेबलाला घट्ट धरून बसली.

बराच वेळ नुसता वारा. व्हर्नाला वाटू लागलं की आपण एक शहाणी बाई आहोत आणि एका झोपलेल्या मुलापाशी उगाच बसलो आहोत. मुलांना झोपेत ताठ व्हायला शंभर कारणं असतात. बोट सुटली की डॉक्टर एखादं सांगतील.

मग फळ्या वाजल्या.

पावलं घाईची नव्हती. ती फाटकाशी थांबली नाहीत. व्हर्नाने खिडकीतून पाहिलं. वाट मोकळी होती, फक्त धुक्याने ओली. मागचं दार किरकिरलं.

"वारा आहे ना?" कोरलीने तिकडून विचारलं. "कडी लावली होती मी."

"तिथेच बस," व्हर्ना म्हणाली.

दाराशी काहीतरी जड ठेवल्याचा आवाज झाला. मग तसाच आणखी एक. मग मेणकापडावर ओला, चिकट, सावकाश आवाज. तो स्वयंपाकघरातून आला, कोरलीच्या खुर्चीजवळून आला, आणि कोरलीने मान वर केली नाही. तिला तो ऐकू येत नव्हता.

ओपलचे डोळे उघडले. ती छताकडे बघत नव्हती. छताच्या बरंच खाली, कुठेतरी जवळ बघत होती. आणि गोधडी दबू लागली. मधोमध, हळूहळू, भरल्या घरात उशिरा आलेला पाहुणा खुर्चीच्या कडेवर टेकतो तशी. ठिगळांवर सुरकुत्या ओढल्या गेल्या. पाळण्याचं लाकूड कण्हलं. पोरीच्या ओठांचा रंग जाऊ लागला.

व्हर्नाने दोन्ही हात घालून तिला उचललं. उचलेना. मोठ्या मोठ्या पुरुषांना तिने पलंगावरून उचललं होतं. हे पोर पाळण्यात रोवल्यासारखं झालं होतं. तिच्या स्वतःच्या मनगटांपाशी गार, खारट असा दमटपणा होता, तिथे हात ठेवायला जागा नसल्यासारखा.

तिने हात काढून घेतले. खुर्चीवर नीट बसली. आणि दवाखान्यात बोलते त्याच आवाजात बोलू लागली.

"ओपल दुपारी झोपते. मग एक म्हातारी येते आणि तिच्या छातीवर बसते. ओपलला सांगता येत नाही, म्हणून मी सांगते. म्हातारी उठते."

काही झालं नाही. पोरीच्या नाकपुड्या हलत नव्हत्या.

"म्हातारी उठते," व्हर्ना पुन्हा म्हणाली. "मोज्यांवर दाराकडे जाते. बूट घालते. बाहेर पडते."

"मग?"

तो आवाज तिचाच होता. मायाळू, धीराचा, किंचित उत्सुक. पण तिचं तोंड मिटलेलं होतं.

"मग कुठे?"

गावातलं एकेक घर तिच्या डोळ्यांसमोरून गेलं आणि तिने जाणूनबुजून एकाही घराकडे पाहिलं नाही. टेकडी नाही, समुद्र नाही. तिथून ही परत येते.

"माझ्या घरी," व्हर्ना म्हणाली. "दवाखान्याच्या वर, पिवळं दार. मी एकटीच असते. आणि तिथून पुढे कुठे नाही."

गोधडी फुगून वर आली. ओपलने छाती भरून श्वास घेतला आणि असा टाहो फोडला की कोरली खुर्ची पाडत धावत आली. पोरीला छातीशी धरून ती रडू लागली. पोर "नाही, नाही, नाही" म्हणत होती, आणि तिच्या तोंडून तो शब्द ऐकून व्हर्नाच्या जिवात जीव आला.

"काय होतं तिला?" कोरलीने विचारलं.

"वाईट स्वप्न. आता पडणार नाही."

"तुला कसं माहीत?"

"मला माहीत आहे," व्हर्ना म्हणाली. ते खरंच होतं.

७

घरी जाताना ती भरभर चालली नाही. फळ्यांवर तिची पावलं वाजत होती आणि तिच्या मागे थोड्या अंतरावर दुसरी. ती थांबली की दुसरी एक पाऊल उशिरा थांबत. लिअँडरकाका फाटकाशी उभे होते. त्यांनी टोपीला हात लावला, तिच्या खांद्यामागे पाहिलं आणि हात तिथेच राहिला.

"आत जा काका," व्हर्ना म्हणाली. "चहा गार होईल."

ते आत गेले.

पिवळं दार तिने सताड उघडं ठेवलं. कोट खुंटीला लावला, चुलीत लाकडं सारली आणि दिवाणावर आडवी झाली. पाठीवर. लोकांना जे करू नका म्हणून सांगायची ते सगळं तिने एकदम केलं. झोप येईल असं तिला वाटलं नव्हतं. पण ती दमली होती, आणि दुपार होती.

८

तेव्हापासून ती रोज येते. व्हर्ना घाबरते का? पहिले काही दिवस घाबरली. मग तिला कळलं की त्या भीतीलाही एक वेळापत्रक असतं: आधी दार, मग वजन, मग श्वास अडकतो तो क्षण, आणि त्यानंतर जर तुम्ही झुंजला नाहीत तर एक पातळ, पुरेसा श्वास मिळतोच. तेवढ्यावर माणूस जगतं. अंगठा, बोटं, जीभ. ती जे शिकवत होती ते खरं होतं, याचं तिला बरं वाटलं.

"मग कुठे?" रोज विचारणा होई. व्हर्ना उत्तर देत नसे आणि कोणाचा विचार मनात येऊ देत नसे. दुपारी अंग टाकायच्या आधी ती मन असं झाडून घेई जसं गर्टकाकू जमीन झाडतात.

ओपल वाढू लागली. तिला 'मासा' म्हणता येऊ लागलं. एफीमावशी आणि गर्टकाकू कुंपणाच्या दोन बाजूंना उभ्या राहून बोलताना दिसल्या. पहिलं वाक्य कोणाचं यावर गावात अजून वाद आहे. मावशींनी व्हर्नाला एक जाड लोकरी शाल विणून दिली. कशासाठी ते सांगितलं नाही. "अंगावर घे," एवढंच म्हणाल्या, "वजन वाटणार नाही."

दुसरं कोणी झोपेची तक्रार घेऊन आलं की व्हर्ना अजूनही तोच उतारा देते. फक्त शेवटचा प्रश्न विचारत नाही.

मार्चमध्ये, बर्फ फळ्यांवरून उतरू लागल्यावर, एके दिवशी ऊन पडलं. व्हर्ना जेवून दिवाणावर पडली. दार उघडलं, वजन आलं. इतके महिने ती डोळे मिटूनच ठेवत असे. बघायचं कारण पडलं नव्हतं. पण त्या दिवशी प्रश्न आला नाही. वजन होतं आणि शांतता होती. ती शांतता लांबत गेली.

व्हर्नाने डोळे उघडले.

ती पाठमोरी होती. तिच्या छातीवर बसलेली, पण पाठ तिच्याकडे. ओल्या लोकरीचा काळपट खांदा, विस्कटलेल्या केसांची एक कड आणि त्या कडेतून झिरपणारं ऊन. ती खिडकीतून टेकडीच्या वाटेकडे बघत होती. तिथे शेवटच्या घराशी कोरली दोरीवर कपडे वाळत घालत होती, आणि तिच्या पायांशी एक लहान लाल टोपी चिखलात उड्या मारत होती.

वजन हलकं होऊ लागलं. छातीच्या कडेला सरकू लागलं, जायला निघालेला माणूस सरकतो तसं.

व्हर्नाने अंगठा हलवायला घेतला. तो हलला. मग बोटं, एकेक करून. मग ओठ. जिभेला वेळ लागला, आणि त्या वेळात तिने दिवाणाच्या कडा पकडल्या आणि धीर सोडला नाही, कारण हे काम तिला येत होतं, आणि गावात दुसऱ्या कोणाला येत नव्हतं.

"तिकडे नाही," ती म्हणाली. आवाज घोगरा होता, पण स्वतःच्या तोंडातून आला होता. "इकडे बघ. माझ्याकडे."

सरकणं थांबलं. तो खांदा थोडा उचलला गेला, केसांच्या कडेमागचं ऊन झाकलं गेलं आणि अगदी सावकाश, कोणी हाक मारण्याची सवयच नसल्यासारखी, ती वळू लागली.

व्हर्नाने डोळे मिटले नाहीत.